डोळ्यांचं सोवळं

त्यांचं नाव मी इथं सांगणार नाही. त्यांनी स्वतः कधी कुठं लावलं नाही, मग मी कशाला लावू? धारवाडला सप्तापुरात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्यांनी निम्म्या हुबळी-धारवाडच्या दुकानदारांच्या वेबसाइट केल्या, आणि एकाही साइटच्या तळाशी आपलं नाव टाकलं नाही. सगळे टाकतात हो. गिऱ्हाइकाला विचारतसुद्धा नाहीत. मी म्हणायची, "अण्णा, एवढंसं नाव टाका की खाली. कोण खाणार आहे तुम्हाला?" तर म्हणायचे, "टाकू की. आधी माझं असं काहीतरी होऊ दे, मग नाव टाकू."

या 'माझं असं काहीतरी'पायी त्या माणसानं स्वतःचं काय करून घेतलं ते आठवलं की मला आजही राग येतो. आणि राग ओसरला की वाईट वाटतं, ते मात्र लवकर जात नाही.

अण्णा माझे कुणी नात्यातले नव्हेत. आमच्याकडं वयानं जरा मोठा दिसला की तो अण्णा. मी त्यांच्यापेक्षा लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. दोघंही दक्षिण महाराष्ट्रातनं कधीकाळी हुबळीच्या बाजारात येऊन बसलेल्या दुकानदारांच्या घरातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण पेटलं की दोन्ही. कामाची वाटणी सरळ होती. ते साइट मांडायचे. मी त्यातला मजकूर लिहायची आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची.

बोलणी ठरलेलीच असायची. कारण अण्णांच्या साइटवर वरचं निम्मं पान रिकामं. साफ रिकामं. खाली अगदी जवळून काढलेला एक फोटो, तांब्याच्या घागरीची कड म्हणा, साडीचा काठ म्हणा. आणि रिकामं संपून भरलेलं जिथं सुरू होतं त्या कडेवर दुकानाचं नाव, बारक्या अक्षरात, भिंतीला टेकून निवांत बसलेल्या माणसासारखं. बस्स. फिरणारे फोटो नाहीत, उघडझाप करणारी अक्षरं नाहीत. देवाचा फोटोसुद्धा फार विनवण्या केल्यावर शेवटच्या पानावर.

हुबळीच्या दुकानदाराला मोकळी जागा दिसली की पोटात दुखतं. मला माहीत आहे ना, माझ्या बाबांनी दुकानात स्वतःच्या डोक्यावर विकायचे झाडू टांगून ठेवले होते, उठताना वाकून उठायचे. असल्या माणसाला अर्धं पान मोकळं दाखवल्यावर काय होणार?

"वरती काय येणार आहे?"

"काही नाही."

"मग ही जागा कुणाची?"

"तुमचीच."

"मग मोकळी कशाला सोडली? गोदामाचा फोटो टाका, पोराचा टाका, गेला बाजार पत्ता तरी टाका! दुकानात हात पसरायला जागा नाही आणि इथं अर्धा हॉल मोकळा ठेवलाय!"

अण्णा वाद घालायचे नाहीत. "आठ दिवस राहू दे," म्हणायचे, "तुमच्या गिऱ्हाइकांना नाही पटलं तर भरून देतो." आठ दिवसांनी भरून मागायला कुणी आलेलं मला आठवत नाही. एकदा एक भांडेवाले तेवढे आले, ते सुद्धा सांगायला, की बायको म्हणते फोनमध्ये आपलं दुकान बघितलं की बरं वाटतं, खऱ्या दुकानात पण थोडं आवरा.

माझ्या मजकुराला पण त्यांची कात्री. "अक्का, यातला एक शब्द काढ." मी कुरकुरत काढायची. मग परत, "आणखी एक." मी एकदा मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'उत्तम दर्जाची अस्सल ब्याडगी मिरची'. अण्णांनी नुसतं 'ब्याडगी मिरची' ठेवलं. मी भांडायला उठले तर म्हणाले, "ब्याडगी म्हटल्यावर अस्सल कशाला? आप्पा काय खोटी विकतात?" हे आप्पा म्हणजे अमरगोळच्या मार्केट यार्डातले मिरची-कांद्याचे आडतदार, आमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठ्यानं बोलणारं गिऱ्हाईक. त्यांच्या साइटवर खाली लाल मिरच्यांची फुटलेली पोती, वर रिकामं, आणि कडेवर आप्पांच्या आडतीचं नाव. आप्पा पहिल्या दिवशी ओरडले होते. नंतर यार्डात येईल त्याला फोन काढून दाखवत सुटले.

आता तुम्ही म्हणाल, माणसाची एवढी ठसठशीत पद्धत होती, मग आणखी काय पाहिजे होतं? तेच तर. अण्णांच्या लेखी हे सगळं 'दुकानाचं काम'. पोटासाठी केलेलं. स्वतःची स्टाइल म्हणजे काहीतरी निराळी, उंचावरची गोष्ट, जी अजून यायची होती. ती आली की ते स्वतःच्या नावाची साइट काढणार होते. आणि ती यावी म्हणून ते जे काही करायचे, त्याला मी डोळ्यांचं सोवळं म्हणायची. त्यांच्या आईनं चुलीपाशी पाळलं तेवढं कडक नसेल, पण जवळपास.

स्वतःच्या साइटला बसायचे ते दिवस मला खोलीत पाऊल टाकताच कळायचे. कॅलेंडर भिंतीकडं तोंड करून उभं. वर्तमानपत्र जाहिरातींची पानं काढून, उरलेलं घडी घालून ठेवलेलं. ही पानं घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, काढून द्यायच्या. बिस्किटं पुड्यातनं काढून स्टीलच्या डब्यात. दुसऱ्या कुणाची वेबसाइट बघायची नाही, हे तर झालंच. "डोळ्यात गेलेलं हातातनं बाहेर येतंच, अक्का," ते सांगायचे, "म्हणून आत जाऊच द्यायचं नाही." एकदा माझ्याकडं बघून जरा चाचरत म्हणाले, "उद्यापासनं जरा साधे कपडे घालून येशील का? ही नक्षी डोळ्यात बसते."

"उद्या गोणपाट गुंडाळून येऊ का?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. "गोणपाटावर पण मिलचा शिक्का असतो," म्हणाले.

याच सोवळ्यात असताना त्यांना एकदा सुभाष रोडला जावं लागलं. तिथं तर दोन्ही बाजूंनी पाट्या आणि होर्डिंग. अण्णांनी भर उन्हाळ्यात छत्री काढली आणि ती कपाळापर्यंत खाली ओढून नुसत्या रस्त्याकडं बघत चालायला लागले. मी मागनं. लोक वळून बघायला लागले तशी मी आमची ओळखच नाही असं चालू लागले. थोड्या वेळानं अण्णांची छत्री कुणालातरी जोरात लागली. अण्णा थांबले, छत्री न उचलता खालूनच साडीच्या निऱ्यांकडं बघत अदबीनं म्हणाले, "तप्पायतरी बाई, चुकलं, लागलं का?" समोरून उत्तर नाही. अण्णांनी परत विचारलं. मला हसू आवरेना. ती साडीच्या दुकानाबाहेर उभी केलेली बाहुली होती. मी सांगितल्यावर अण्णा हसले नाहीत. काळजीनं म्हणाले, "साडीचा रंग बघितला मी. आता आजचा दिवस गेला."

एवढं करून काही जमलंच, तर लगेच तपासणी. ही तपासणी बघण्यासारखी असायची. स्वतः केलेल्या पानासमोर बसायचे आणि चोर पकडावा तसं एकेक पकडायचे. "ही बारीक रेघ बघ. ही पुण्याच्या एका पोराची आहे, मागच्या वर्षी बघितली होती." "हा रंग हुबळीच्या आइस्क्रीमवाल्याच्या गाडीचा." "ही अक्षरं अशी लांब-लांब ठेवलीत ना, ती शाळेतल्या बोर्डावरची. आमचे मास्तर तशी लिहायचे." चोर सापडला की पुसायचे. कॉपी ठेवायची नाही. मी म्हणायची, कुठंतरी ठेवून द्या, पुढं कामाला येईल. तर म्हणायचे, "उष्टं झाकून ठेवतात का?"

एकदा त्यांच्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. अण्णा, पलीकडं वहिनी, अलीकडं मी. पानं वाढून झाली, लोक जेवायला लागले, आणि अण्णा मात्र हात मांडीवर ठेवून केळीच्या पानाकडं टक लावून बसलेले. मी विचारलं, काय झालं? तर पानाकडं बोट केलं. "अक्का, बघ ना. चटणी-कोशिंबीर डावीकडं, थोडी-थोडी. भाजी उजवीकडं. मधी मोकळं. मी कालपासनं नेमकं हेच करतोय. बारकं डावीकडं, मोठं उजवीकडं, मधी मोकळं." मग एकदम खात्रीनं, "म्हणजे मी आचाऱ्याची नक्कल केली!"

वहिनी म्हणाल्या, "मग आता काय, उलटं पान वाढायला सांगू? जेवा गप्प."

जेवले. पण परत आल्यावर ते पानही पुसलं.

वहिनी बालवाडीत शिकवायच्या. शांत बाई. घरातलं गाडं त्याच ओढतात हे अण्णांना माहीत होतं आणि वहिनींनी ते कधी बोलून दाखवलं नाही. या सोवळ्यावर हसायच्या, जाहिरातीची पानं काढून द्यायच्या, डबा भरून द्यायच्या. पण माझ्यापाशी एकदा म्हणाल्या होत्या, "अक्का, लग्न ठरलं तेव्हा यांनी मला सांगितलं होतं, माझ्या नावाची साइट निघाली की सगळ्यात आधी तुला दाखवणार. मी अजून वाट बघायला लागलेय बघ."

आणि मग तो बंगळूरचा फोन आला.

एका मोठ्या डिझाइन कंपनीतल्या बाई होत्या. फोन मीच घेतला. त्या म्हणाल्या, तुमच्या भागातल्या दुकानांच्या काही साइट आम्ही बघितल्या, सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या दिसतात, पण नाव कुठंच नाही. म्हणून एका भांड्यांच्या दुकानात फोन करून विचारलं, त्यांनी हा नंबर दिला. मी अण्णांच्या हातात फोन दिला. बोलणं थोडकंच झालं. नोकरी होती. धारवाडात बसूनच काम करायचं, आणि केलेल्या कामावर स्वतःचं नाव. फक्त त्यांच्या वरच्या साहेबांना दाखवायला तुमची स्वतःची साइट लागेल, तिची लिंक पाठवा, महिनाअखेरपर्यंत चालेल.

नीट बघा. ती बाई काय म्हणाली होती? सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या दिसतात. ती त्यांच्या स्टाइलचा माग काढत धारवाडपर्यंत आली होती! मी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. आणि अण्णांनी त्यातनं काय ऐकलं? "स्वतःची साइट पाठवा." तेवढंच.

"अहो, आप्पांची पाठवा, भांडेवाल्यांची पाठवा," मी म्हटलं.

"त्या त्यांच्या आहेत. माझं त्यात काय आहे?"

संध्याकाळी वहिनींनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला. "अक्का, या खेपेला त्यांना पुसू देऊ नकोस. माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील."

मी हो म्हटलं. त्यात काय एवढं, असं वाटलं होतं मला.

परत सोवळं सुरू झालं. कॅलेंडर फिरलं, डबा आला. मी पण मुकाट्यानं माझ्या साध्यातल्या साध्या साड्या नेसून जायला लागले. सगळी गिऱ्हाइकं मी अंगावर घेतली, अण्णांना कुणाचा शब्द ऐकू जाऊ दिला नाही. एक-दोन पानं झाली आणि पुसली गेली, मला पुसल्यावरच कळलं. महिना सरत आला. मग एका दुपारी अण्णांनी मला हाक मारली. आवाज निराळा होता. "ये. बघ."

वरचं निम्मं पान मोकळं होतं. खाली आमच्या खिडकीचा कट्टा होता, अगदी जवळून. तो लाल सिमेंटचा कट्टा अण्णांच्या कोपरानं घासून-घासून एका जागी गुळगुळीत झाला होता, आणि त्या जागेवर तेवढं ऊन पडलं होतं. आणि मोकळं संपून कट्टा सुरू होतो त्या कडेवर त्यांचं नाव. पूर्ण नाव. बारक्या अक्षरात.

मी ते नाव बिलांवर शंभरदा बघितलं असेल. पण तिथं ते पहिल्यांदाच बघितल्यासारखं वाटलं. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते, पोरानं मार्कांचा कागद दाखवून उभं राहावं तसे. मी म्हटलं, "अण्णा, पाठवा. आत्ताच्या आत्ता पाठवा."

"तपासलंय मी सगळं," ते म्हणाले. "सकाळपासनं शोधतोय. कुणीच सापडत नाही बघ यात." आणि हसले. तसं हसताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं. "तिला बोलावतो. शाळा सुटतच असेल. तिला आधी दाखवायचं कबूल केलंय. मग पाठवू."

त्यांनी वहिनींना फोन करून 'ये' म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात जिन्यात आप्पांचा आवाज आला.

अमरगोळच्या आप्पांना त्यांच्या साइटवरचा फोन नंबर बदलून पाहिजे होता. मी पुढं होऊन म्हटलं, आप्पा, उद्या करते, नंबर मला सांगून जा. पण आप्पा काय कुणाचं ऐकतात? "यप्पा, काय उकडतंय," करत थेट आत आले, अण्णांच्या खुर्चीवर बसले, टोपीनं वारा घेतला आणि समोर स्क्रीनकडं बघितलं. चष्मा नव्हता त्यांच्याजवळ. नाव वाचता आलं नसणार. तरी बघत राहिले आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले:

"ही तुमची! अण्णा, लांबून ओळखली की हो! आमच्या मिरचीगतच हाय! छलो ऐत्री, लई चांगली!" मग माझ्याकडं वळून, "बघ, कुठली पण दाखव. हे अण्णांचं हाय का न्हाई ते मी डोळे झाकून सांगतो. परवा ती भांडेवाल्याची बघितली, लगेच म्हटलं पोराला, हे आमच्या अण्णांचं काम!"

यापेक्षा मोठी पावती कुठल्या डिझायनरला मिळाली असेल, मला सांगा. चष्मा नसलेल्या मिरचीच्या आडतदारानं नाव न वाचता माणूस ओळखला. मी आनंदानं अण्णांकडं बघितलं. ते तसेच हसत होते, पण हसू नुसतं तोंडावर राहिलं होतं.

आप्पांचा नंबर त्यांनी बदलून दिला. चहा मागवला. आप्पांनी मिरचीचे भाव सांगितले, ते ऐकले. आप्पांना जिन्यापर्यंत सोडून आले. मग बसले आणि मी "अण्णा, नको!" म्हणेपर्यंत पुसून मोकळे झाले. मी त्यांचा हात धरला तेव्हा स्क्रीनवर काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मी जे काही बोलले ते वयाचा मान ठेवून बोललेलं नव्हतं. मी ओरडले. "अहो, यालाच स्टाइल म्हणतात! त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला लांबून ओळखलं! माणसं जन्म घालवतात यासाठी!"

"आप्पांनी त्यांची मिरची ओळखली," अण्णा म्हणाले. "मला नाही."

"आणि भांडेवाल्याची? ती पण मिरची होती?"

"तेच म्हणतोय मी. सगळीकडं तेच आहे. इतके दिवस मी दुसऱ्यांना शोधत बसलो. आणि यात मीच निघालो बघ, जुना. दुकानाचं केलेलंच परत केलं. लोकांना वाढून झालेलं स्वतःच्या पानात घ्यायचं?"

"आईचा फोन आला की 'हॅलो' म्हणताच तुम्ही ओळखता ना? ती रोज तसंच म्हणते म्हणूनच ओळखता की! का रोज निराळ्या आवाजात बोलायला पाहिजे तिनं?"

त्यांनी रिकाम्या स्क्रीनकडं बघितलं. मला वाटलं, पोचलं. मला वाटलं, आता म्हणतील, परत करू, डोक्यात आहे माझ्या. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर कोपर ठेवलं आणि म्हणाले, "तुला नाही कळायचं, अक्का." रागानं नाही. दमून.

वहिनी आल्या तेव्हा मी जिन्यातच होते. शाळेतनं तशाच आल्या होत्या, चेहरा फुललेला, वाटेत मोगऱ्याचा गजरा घेऊन माळलेला. माझ्याकडं बघितल्यावर त्यांना सांगावं लागलं नाही. पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं विचारलं, "नाव होतं?"

"होतं."

"कसं दिसत होतं?"

मी सांगितलं. मोकळं पान सांगितलं, कट्टा सांगितला, ऊन सांगितलं, नाव कुठं होतं ते हातानं दाखवलं. त्या मान हलवत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. तू तरी बघितलंस." आणि पदर सावरून वर गेल्या, कारण अण्णांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मी वहिनींना दिलेला शब्द मोडला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मला स्वतःला विचाराल तर मी काय करायला पाहिजे होतं हे अजून कळलेलं नाही. आप्पांना जिन्यातच अडवायचं? त्या भल्या माणसाला? आणि आप्पा आले नसते तर दुसरं कुणी आलं असतं. बंगळूरच्या साहेबांनीच म्हटलं असतं, तुमच्या बाकीच्या कामासारखं दिसतंय, छान आहे.

बंगळूरला अण्णांनी कळवलं, 'साइटचं काम चालू आहे.' त्या बाईंनी नंतर दोनदा विचारलं. चांगल्या होत्या. मग विचारायचं थांबवलं.

त्यानंतर अण्णा भांडखोर झाले, चिडचिडे झाले असं काही झालं नाही. उलट सोपे झाले. कॅलेंडर सरळ झालं, बिस्किटं पुड्यातच राहायला लागली. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, अमक्याच्या साइटसारखी करून द्या, तर पूर्वी अण्णा खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे. आता म्हणायचे, "देतो की." आणि द्यायचे, हुबेहूब, इकडचा ठिपका तिकडं न होता. फिरणारे फोटो आले, उघडझाप करणारी अक्षरं आली. गिऱ्हाइकं वाढली. माझा मजकूर ते आता कापत नसत. मी एकदा मुद्दाम 'उत्तम दर्जाची अस्सल' लिहून बघितलं. तसंच गेलं. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात रडले, आणि थोड्या दिवसांनी ते काम सोडलं.

त्यांच्या जुन्या साइट एकेक करून गेल्या. कशानं म्हणून नाही. दुकानदारांची पोरं मोठी झाली, त्यांनी नवीन करून घेतल्या. भांडेवाल्यांनी दुकानच बंद केलं. आप्पा गेले, आणि त्यांच्या मुलानं केलेल्या साइटवर आता वरच्या बाजूला आप्पांचा हार घातलेला फोटो आहे, खाली ट्रक, बाजूला सगळे देव. कागदावरचं काही असतं तर कुठल्यातरी माळ्यावर सापडलं असतं. हे गेलं ते गेलंच. माझ्याकडं एका साइटचा फोटोसुद्धा नाही. तेव्हा वाटलंच नाही की काढून ठेवावा. त्या रोजच्याच तर होत्या.

मी आता हुबळीत घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. ऑर्डरी फोनवर येतात. मुलगी म्हणायला लागली, आई, एक साइट पाहिजेच. मी म्हटलं, पाहिजे तर अण्णांकडूनच, आणि परवा धारवाडला जाऊन आले.

वहिनींनी दार उघडलं, मिठी मारली, चहा टाकायला गेल्या. अण्णा आता घरूनच काम करतात. केस पिकलेत, तब्येत बरी आहे. मला बघून मनापासून आनंद झाला त्यांना, "अक्का, अक्का" करत खुर्ची पुसून दिली. समोर दोन स्क्रीन होते. एकावर गिऱ्हाइकानं दाखवलेली कुठल्यातरी दिल्लीच्या मिठाईवाल्याची साइट, दुसऱ्यावर तिच्यासारखी होत आलेली. बोलता-बोलता हात चालूच होता.

मी चटणीचा पुडा पुढं ठेवला, कामाचं सांगितलं. "चटणी-भाकरी? करू की," म्हणाले. "दोन दिवसांत देतो. कुणासारखी पाहिजे?"

मी वाटेत बसमध्ये काहीच ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातनं गेलं. "तुमच्यासारखी, अण्णा."

त्यांचा हात थांबला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, चेष्टा करत नव्हते, रागावलेही नव्हते. दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात तसं, स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले,

"लिंक पाठव. बघून तशीच करून देतो."